ड्रोन फवारणी सेवा, दोन हंगामांनंतर: पाण्याचे ओझे उतरले, अळी मात्र बोंडातच आहे

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात आमचे सात एकर वावर, म्हणजे शेत आहे. पाच एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तिच्यामध्ये तुरीच्या ओळी, उरलेल्या दोन एकरांत सोयाबीन, असा आमचा नेहमीचा पेरा असतो. २०२४ आणि २०२५ या दोन खरिपांत मी फवारणीसाठी अकरा किलोमीटरवरच्या एका गावातील महिला बचत गटाची ड्रोन सेवा एकूण सात वेळा घेतली. दर एकरी ४०० रुपये, औषध आपले, पाणी आपले, आणि काम पाच एकरांपेक्षा कमी असेल तर येण्याजाण्याचे ३०० रुपये वेगळे, असा त्यांचा हिशेब आहे. ही सेवा कशी आहे, हे मला आजूबाजूच्या गावांतून इतक्यांदा विचारले गेले की सगळे एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. दिलेल्या पैशांचा मोबदला मिळतो का, हा त्यातला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे: शेतीत मोठी क्रांती येऊ घातली आहे असे जे रोज ऐकू येते, तिचा पुढचा टप्पा आमच्या वावरात नेमका कोणत्या रूपाने यायला हवा? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही प्रदर्शनात मिळाले नाही. ते या सात फवारण्यांतूनच थोडेथोडे सापडत गेले.

आधी पाण्याविषयी लिहिते, कारण माहितीपत्रकात त्याला एक ओळसुद्धा मिळत नाही. पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की पाठीवरच्या पंपाने एकरी दहा ते बारा पंप लागतात, म्हणजे एकरी पावणेदोनशे लिटर आणि पाच एकरांना जवळपास नऊशे लिटर पाणी. आमची विहीर वावराच्या एका टोकाला आहे. बंडीवर ड्रम ठेवून धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, पाणी आणता येते, पण ऑगस्टमध्ये काळ्या मातीत चाक रुतते आणि तिथून पुढे प्रत्येक पंप भरण्यासाठी पाणी डोक्यावरून आत न्यावे लागते. ते नेणारी बहुतेक वेळा बाईच असते. फवारणाऱ्याची मजुरी ठरलेली असते; पाणी वाहणारीची त्याहून कमी असते, आणि ती घरचीच असेल तर तिचा हिशेबच होत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी हे काम केले आहे, माझ्याआधी सासूबाईंनी केले आहे. ड्रोनला एकरी १० लिटर पाणी पुरते. पाच एकरांचे पाणी वीस लिटरच्या तीन कॅनमध्ये मावले आणि मोटारसायकलवरून आले. पहिल्या फवारणीच्या दिवशी सासूबाई धुऱ्यावर बसून सगळे पाहत होत्या. ड्रोन कसा उडतो याचे त्यांना फार कौतुक वाटले नाही. तिन्ही कॅन रिकामे झालेले पाहून त्या म्हणाल्या, "पानी वाहाचं सुटलं, हेच लय झालं वं माय."

विषाचा प्रश्न याहून मोठा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागत होती, हवा दमट होती, अळीच्या भीतीने दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती, आणि उंच पिकावर नळी वर धरून फवारताना सगळे तुषार तोंडावरच परतत होते. माझे धाकटे दीर त्या सप्टेंबरमध्ये नऊ दिवस दवाखान्यात होते. पहिले तीन दिवस त्यांना समोरचे माणूस ओळखू येत नव्हते. त्यानंतर त्यांनी पंप पाठीवर घेतलेला नाही, आणि घरातल्या कोणी तो घ्यावा असे आम्हालाही वाटलेले नाही. ड्रोन उडतो तेव्हा चालवणारी ताई वारा पाठीवर घेऊन धुऱ्यावर उभी असते आणि वावरात एकही माणूस नसतो. बाकी सगळे उणे धरले तरी एवढ्या एका कारणासाठी मी एकरी ४०० रुपये देत राहीन.

मात्र इथे एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात घ्यावी. एकरी औषधाची मात्रा तीच राहते आणि पाणी सतरा-अठरा पटींनी कमी होते, त्यामुळे टाकीतले द्रावण पंपातल्या द्रावणापेक्षा तितकेच तीव्र असते. उडणाऱ्या यंत्राचा धोका कमी झाला तरी ते द्रावण कालवणाऱ्या हातांचा धोका वाढतो. दुसऱ्या खेपेला गटासोबत आलेला मदतनीस मुलगा उघड्या हातांनी औषध मोजत होता. मी काम थांबवून त्याला घरचे रबरी हातमोजे आणून दिले. त्यानंतरच्या प्रत्येक खेपेला तो हातमोजे आणि चष्मा घालूनच आला, हे मी आवर्जून नोंदवते.

सेवेची पद्धत चांगली आहे. पहिल्या भेटीत ताईने रिमोट हातात घेऊन धुऱ्याधुऱ्याने पूर्ण वावर चालून त्याची हद्द नोंदवली, विहिरीवरचे कडुनिंबाचे झाड आणि विजेचा खांब वगळला, आणि पुढच्या सगळ्या खेपांना तोच नकाशा वापरला. एक एकर सात-आठ मिनिटांत होतो. चालवण्याचा परवाना तिने मला न मागता दाखवला. नागरी विमान वाहतूक खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण घेतल्याशिवाय हा परवाना मिळत नाही, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार त्यासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची नमो ड्रोन दीदी योजना आणली, त्यात १५ दिवसांचे प्रशिक्षण आहे. या गटातील ताई याच वाटेने आली आहे. दहावीनंतर लग्न झालेली, दोन मुलांची आई असलेली बाई वीस-बावीस किलोचे यंत्र उडवते आणि गावातली मोठी माणसे तिला "ताई, आमच्याकडे कधी येता?" असे अहोजाहो करून विचारतात, हा बदल मला कोणत्याही यंत्राइतकाच मोठा वाटतो.

आता फवारा झाडावर नेमका कुठे पोहोचतो, याकडे येते. हे मी स्वतः तपासले. मुलांच्या जुन्या तीन पाट्या घेतल्या आणि एकाच झाडाला सुतळीने बांधल्या: एक शेंड्याला आडवी, दुसरी मधल्या फांदीला तिरपी, तिसरी खालच्या फांदीला तोंड जमिनीकडे करून. फवारणी झाल्यावर दोन तास थांबले, हातमोजे घातले आणि पाट्या सोडून आणल्या. शेंड्याच्या पाटीवर बारीक पांढऱ्या डागांचे दाट पुरळ उठले होते, दोन डागांमध्ये करंगळीचे टोकसुद्धा मावत नव्हते. मधल्या पाटीवर डाग होते, पण विरळ. एका कोपऱ्यात बोटभर जागा पूर्ण काळी राहिली होती. खालच्या पाटीवर मोजून सहा डाग होते. ही तपासणी जुलैअखेरची, म्हणजे झाड गुडघ्याच्या थोडे वर असतानाची. सप्टेंबरमध्ये तीच पुन्हा केली तेव्हा खालची पाटी कोरडी होती.

याचा अर्थ सरळ आहे. मावा आणि तुडतुडे शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर असताना ही फवारणी उत्तम काम करते. पहिल्या दोन फवारण्यांचा गुण आमच्याकडे पाठीवरच्या पंपाइतकाच आला. सोयाबीनवर तर मला काहीच कमी जाणवले नाही. पण पऱ्हाटी दाटली, फांद्या फांद्यांना भिडल्या, पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला बसली, की वरून पडणारे थेंब तिथवर जात नाहीत. ऑक्टोबरमध्ये तूर पऱ्हाटीच्या वर निघते, तेव्हा ड्रोनला तुरीची उंची धरून वरूनच उडावे लागते आणि पऱ्हाटीचा वाटा आणखी कमी होतो. आमच्यासारखे मिश्र पीक घेणाऱ्यांसाठी ही मोठी अडचण आहे, आणि सेवा घेण्याआधी ती कोणी सांगत नाही.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. सातपैकी दोन खेपा ठरल्या दिवशी झाल्या नाहीत, एकदा वाऱ्यामुळे आणि एकदा दुसऱ्या गावचे काम लांबल्यामुळे. दुसऱ्या वेळी चार दिवस गेले आणि तोवर तुडतुड्यांनी पाने आकसून टाकली होती. विजेच्या तारेखालची पट्टी दरवेळी सुटते, ती हातानेच मारावी लागते. एकदा वारा मध्येच फिरला आणि शेजारच्या भाऊंच्या वांग्यांवर तुषार गेले. गटाने चूक मान्य केली, भाऊंनी ती वांगी बाजारात नेली नाहीत आणि नुकसान आम्ही दोघांनी वाटून घेतले. भाजीच्या शेजारी पऱ्हाटी असेल तर मोकळी पट्टी सोडायला आधीच सांगावे.

या सगळ्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या गुलाबी बोंडअळीसाठी आम्ही सर्वाधिक खर्च करतो, तिच्यावर या यंत्राचा काही उपाय चालत नाही. यात दोष ड्रोनचा नाही. मादी पात्यांवर, म्हणजे कोवळ्या कळ्यांवर, आणि बोंडांवर अंडी घालते, अंड्यातून निघालेली अळी काही तासांत बोंडात शिरते आणि तिच्यामागे छिद्र बुजून जाते. त्यानंतर औषध पंपाने मारा, ड्रोनने मारा, ते बोंडाच्या सालीवरच राहते. आपल्याला अळी दिसते ती बोंड फोडल्यावर किंवा कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, हातात आल्यावर, म्हणजे सगळे संपल्यावर. फवारणीचा उपयोग पतंग उडण्याच्या आणि अंडी फुटण्याच्या मोजक्या दिवसांतच असतो. तो दिवस कोणता, हे सांगणारे काही या सेवेत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे पुढचा मोठा शोध याच जागी लागायला हवा. उडणे जमले आहे. आता वेळेवर पाहणे जमायला हवे.

त्याची सुरुवात झालेली आहे. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे कामगंध सापळे आमच्याकडे पुष्कळ वर्षांपासून आहेत. सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली, असा कृषी शास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे. पण रोज सकाळी दव पडलेल्या वावरात जाऊन पिशवीतले पतंग मोजायचे, त्यात गुलाबी अळीचा पतंग कोणता आणि इतर कोणता हे ओळखायचे, आणि ते वहीत लिहून ठेवायचे, हे शंभरातले दोन शेतकरीही नेमाने करत नाहीत. मी स्वतः २०२४ मध्ये अकराव्या दिवशी सोडून दिले. वाधवानी संस्थेने कॉटनएस नावाचे मोबाइल ॲप काढले, त्यात सापळ्यातल्या पतंगांचा फोटो घातला की ते मोजून सल्ला देते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने तर कॅमेरा बसवलेला सापळाच तयार केला आहे. तो स्वतः फोटो काढतो, पतंग ओळखतो आणि माहिती मोबाइलवर पाठवतो. १९७६ पासून आपल्याच विदर्भात असलेल्या संस्थेत हे काम होते आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आता यापुढची कल्पना करते. असा सापळा शिवारात दर दहा एकरांना एक उभा आहे. पूर्वेकडच्या नाल्याजवळच्या दोन सापळ्यांत पतंग वाढले, इतरांत वाढले नाहीत. तो निरोप थेट ड्रोनच्या नकाशावर जातो आणि ताई फक्त नाल्याकाठच्या बारा एकरांवर फवारते, त्याच रात्री किंवा दुसऱ्या पहाटे. डोमकळ्या, म्हणजे अळी आत असल्याने न उमललेली फुले, दिसल्या तर ड्रोनचाच कॅमेरा त्या झाडांची नोंद करतो. यासाठी लागणारा प्रत्येक तुकडा आज वेगवेगळ्या ठिकाणी तयार आहे: सापळा आहे, ओळखणारा प्रोग्राम आहे, उडणारे यंत्र आहे, नकाशा आहे, परवाना घेतलेली ताई आहे. ते एकत्र जोडून दहा एकरांच्या गटाला परवडेल अशा किमतीत देणे बाकी आहे. पुढच्या पाच-सात वर्षांत हे व्हायला हवे, आणि ते झाले तर निम्म्याहून अधिक फवारण्या वाचतील असा माझा अंदाज आहे.

याच्याही पुढचे एक उदाहरण मला फार विचार करायला लावते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात २००६ पासून गुलाबी बोंडअळीविरुद्ध बीटी कापसाच्या (अळीला मारणारे जनुक घातलेल्या वाणाच्या) जोडीला एक वेगळी मोहीम चालली. कारखान्यात कोट्यवधी पतंग वाढवायचे, किरणोत्साराने त्यांना वांझ करायचे आणि विमानातून कापसावर सोडायचे. रानातल्या माद्या त्यांच्याशी संग करतात आणि अंडी फुटत नाहीत. सोडलेले पतंग ओळखू यावेत म्हणून अळ्यांच्या खाद्यात लाल रंग घालत, त्यामुळे सापळ्यात पडलेला पतंग रानातला की कारखान्यातला हे चिरडून पाहताच कळत असे. पुढे हे पतंग सोडण्यासाठी ड्रोनचेही प्रयोग झाले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने तिथला कापूस पट्टा या अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. हे वाचल्यापासून ड्रोनची टाकी मला वेगळी दिसू लागली आहे. त्या टाकीत विष असलेच पाहिजे असे नाही. त्यात वांझ पतंग असू शकतात, अळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या मित्रकीटकांची अंडी असू शकतात. अर्थात तिथला कापूस काही लाख एकरांचा, मोठमोठ्या शेतांचा. एकट्या महाराष्ट्रात कापूस सुमारे ४० लाख हेक्टरांवर आहे, आणि आमची वावरे दोन-दोन, पाच-पाच एकरांची. तिथल्याइतके पतंग आपल्याकडे लगेच कोणी वाढवू शकेल असे मला वाटत नाही. तरी एखाद्या तालुक्यात, चारी बाजूंनी टेकड्या किंवा जंगल असलेल्या खोऱ्यात, तीन वर्षे हा प्रयोग करून पाहावा, अशी माझी मनापासून मागणी आहे.

नवे बियाणे येईल आणि सगळे सुटेल, असे म्हणणारे आमच्या गावात अजून पुष्कळ आहेत. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे दुसरे वाण आले, आणि सुरुवातीच्या वर्षांत फवारण्या खरोखर कमी झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण गुलाबी अळीने दोन्ही पचवले. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याचे छोटे पाकीट मिळायचे. ते कडेने पेरायचे होते, म्हणजे बीटीला न सरावलेले पतंग टिकून राहतील. आम्ही ते पेरले नाही. आमच्या शिवारात मला ठाऊक असलेल्या कोणीच पेरले नाही. वर वेचणी झालेले पीक न उपटता फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड ठेवून अळीला वर्षभर घर दिले. पुढे जनुक संपादनातून, म्हणजे पिकाच्या स्वतःच्या जनुकांत बदल करून, नवे कापसाचे वाण येईल. २०२५ च्या मे महिन्यात भाताची तशी दोन वाणे आपल्या देशात जाहीर झालीच आहेत. त्या वाणाबरोबर जे पाळायचे असेल ते गावाने एकत्र पाळले नाही, तर तेही आठ-दहा वर्षांपलीकडे टिकणार नाही, याची मला धास्ती वाटते.

बॅटरीबद्दल फार लिहीत नाही, पण सेवा उशिरा येण्यामागचे खरे कारण तीच आहे. भरलेली टाकी घेऊन एक बॅटरी दहा-बारा मिनिटे पुरते. गट चार जोड घेऊन येतो आणि पेट्रोलच्या जनित्रावर त्या आलटून पालटून चार्ज करतो. लिथियम बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या शोधाला २०१९ मध्ये नोबेल मिळाले, तरी आजही एक किलो पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते तिचा पन्नासावा हिस्साच एक किलो बॅटरीत मावतो. घन पदार्थाची बॅटरी स्वस्त झाली आणि उडण्याचा वेळ दुप्पट झाला, तर हाच गट दिवसाला दुप्पट गावे करील. सोडियमची बॅटरी स्वस्त झाली तरी वजनाला जड. ती उडण्यासाठी नको, विहिरीवरच्या मोटारीसाठी यावी. रात्री दोन वाजता वीज येते म्हणून पाणी द्यायला जाणे त्यामुळे सुटेल.

हवामानाच्या अंदाजात मात्र प्रगती आताच दिसते आहे. २०२५ च्या खरिपाआधी केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला पाऊस सुरू होण्याचा अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना संदेशाने पाठवला. पेरणीसाठी हे मोलाचे आहे. फवारणीसाठी मला याहून लहान गोष्ट हवी आहे: पुढचे सहा तास माझ्या वावरावर पाऊस पडणार की नाही. भाद्रपदात नाल्याच्या अलीकडे सर येते आणि पलीकडे धूळ उडते. फवारल्यावर तासाभरात सर आली तर औषध, ४०० रुपये आणि तो मोक्याचा दिवस, तिन्ही वाहून जातात. २०२५ मध्ये आमचे दोन वेळा असे झाले.

शेवटी वेचणीबद्दल, कारण सगळ्या मोठ्या शोधांची खरी परीक्षा तिथे आहे असे मला वाटते. गेल्या हंगामात आमच्याकडे वेचाईचा दर किलोला १० रुपये होता, म्हणजे क्विंटलला १,००० रुपये. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. त्याचा आठवा हिस्सा एकट्या वेचणीत जातो, आणि तरी दिवाळीच्या सुमारास बाया मिळत नाहीत. अमेरिकेत कापूस वेचणारी यंत्रे १९४० च्या दशकात कारखान्यांतून बाहेर पडू लागली आणि वीस-पंचवीस वर्षांत हाताची वेचणी जवळपास संपली. आपल्याकडे ऐंशी वर्षांनंतरही ती आलेली नाहीत, याला कारण आहे. ते यंत्र एकदाच फिरते. त्यासाठी सगळी बोंडे एकाच वेळी फुटावी लागतात, झाड बुटके आणि एकसारखे लागते, आधी औषध मारून पाने गाळावी लागतात. आमची पऱ्हाटी ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत थोडीथोडी फुटते आणि तीन-चार वेळा वेचावी लागते. दाट लागवडीच्या पद्धतीने झाड आटोपशीर ठेवण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण ते हलक्या जमिनीवर शोभतात. आमच्या भारी काळ्या जमिनीत झाड ऐकत नाही.

वेचणारीचा हात काय करतो, ते जवळून पाहिले पाहिजे. फुटलेल्या बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्यांची टोके काट्यासारखी असतात. उजव्या हाताची तीन बोटे त्या टोकांच्या मधून आत जातात, कापूस मुळाशी चिमटतात आणि एका हिसक्यात पाचही कप्पे मोकळे करतात. त्याच क्षणी अंगठ्याला पिवळी कवडी लागली तर ती बाजूला पडते, वाळलेले पान चिकटले असेल तर ते झटकले जाते, आणि पांढरा कापूस कमरेच्या ओटीत जातो. यात डोळा वर पुढच्या बोंडावर असतो. संध्याकाळी नखांच्या कडा फाटलेल्या असतात आणि त्यांवर खोबरेल लावून झोपावे लागते. हे काम करणारा यंत्रमानव, जो पानांमागचे बोंड ओळखेल, कवडी सोडेल आणि उरलेल्या कच्च्या बोंडांना धक्का न लावता पुढच्या खेपेला पुन्हा येईल, तो बनेल तेव्हा मी त्याला शतकातला मोठा शोध म्हणेन. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात तो बनणार नाही असे मी मानत नाही.

पण तो कोणाच्या मालकीचा असेल, हा प्रश्न मी आताच विचारून ठेवते. पहिल्या वेच्याला आम्ही वावरात सीतादही करतो, पऱ्हाटीची पूजा करून दहीभात उधळतो, आणि त्यानंतरचे तीन महिने आमच्या गावातल्या भूमिहीन बायांच्या हातात वर्षातला सर्वांत मोठा पैसा येतो. मुलांच्या फिया, लुगडी, दवाखाना, सगळे त्या पैशातून निघते. फवारणीच्या ड्रोनने पाणी वाहणे आणि विष अंगावर घेणे थांबवले, आणि त्याचे दाम बायांच्याच गटाकडे गेले; म्हणून मला तो भावला. वेचणीचे यंत्र असेच गावातल्या वेचणाऱ्या बायांच्या गटाला मिळाले, त्यांनीच ते चालवले आणि किलोमागे दर त्यांनीच घेतला, तर मी त्याचे स्वागत करीन. बाहेरच्या ठेकेदाराच्या गाडीतून ते आले तर माझ्या बोटांचे दुखणे जाईल आणि शेजारच्या घरची चूल अडेल, आणि ते मला नको आहे.

सेवा घ्यायची असेल तर माझा सल्ला असा: पहिल्या दोन फवारण्या आणि सोयाबीन निःशंकपणे ड्रोनला द्या, ऑगस्टनंतरच्या दाट पऱ्हाटीसाठी त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, बोंडअळीसाठी आधी सापळे लावा आणि मोजा. पाच एकरांपेक्षा कमी वावर असेल तर शेजाऱ्याबरोबर एकत्र नोंदणी करा, म्हणजे येण्याजाण्याचे ३०० रुपये वाचतील. या खरिपासाठी मी त्याच गटाकडे पाच एकरांची नोंदणी केली आहे. तुरीच्या ओळी या वेळी पऱ्हाटीत न घेता एका बाजूला पट्ट्याने घेणार आहे, म्हणजे ड्रोनला कमी उंचीवरून उडता येईल. नागपूरच्या संस्थेत जाऊन कॅमेऱ्याच्या सापळ्याची चौकशी करायचे मी आणि ताईने ठरवले आहे. तिन्ही पाट्या धुऊन माळ्यावर ठेवल्या आहेत. जुलैअखेर पुन्हा बांधीन आणि यंदा चौथी पाटी बोंडाला लागूनच बांधीन.